आयरिस, एक तांब्या आणि बिनसाखरेचा चहा

...म्हणजे आता झाडाला पाणी घालणं हासुद्धा गुन्हा झाला. तुम्हाला सांगते, नणंदबाईंनी त्यांच्या बागेतला आयरिसचा कंद दिला, आल्याच्या गड्ड्यासारखा, म्हणाल्या, "वहिनी, अशी जांभळी फुलं येतील, बघत राहाल." राहिले बघत. पानं आली, तलवारीसारखी, हिरवीगार, फूल मात्र एक नाही. मग मी देवाला सांगितलं, पहिलं फूल तुझ्या पायाशी, आणि तोवर माझा चहा बिनसाखरेचा. नवस माझ्या एकटीचा, पण घरात चहाचं पातेलं एकच ना... आमचे हे पहिला घोट घेऊन कपात बघत बसले. "नवस तू बोललीस, मी काय केलंय?" आता यात माझं काय चुकलं? मायेनं केलं हो सगळं.

त्या कंदाची पाठ सारखी मातीतून वर यायची. असा उघडा पडलेला जीव बघवतो का? मी आपली रोज माती ओढून पांघरूण घालायची. अंघोळ झाली की स्तोत्र म्हणत पाणी, स्तोत्र संपेपर्यंत धार चालू, आणि स्तोत्र आमचं मोठं आहे. वर शेणखत, ते वेगळंच. शेवटी नणंदबाई आल्या, मातीत बोट खुपसलं, म्हणाल्या, "वहिनी, लावलाय का पुरलाय?"

उकरला, तर बोटाखाली पिचकला, आणि वास असा की ह्यांनी आतून खिडकी लावली. नणंदबाईंनी सुरी मागितली, कुजकं कापलं, अर्धवट सडलेला एक तुकडा भिंतीपलीकडे शेजारणीच्या विटांच्या ढिगावर भिरकावला, चांगला भाग उन्हात वाळवला आणि पाठ उघडी ठेवून लावला. "याला पाठीवर ऊन लागतं. खतानं नुसती पानं माजलीत. पाणी माती सुकली तरच."

"आणि मी काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे रोज काय करू?"

तुम्हाला सांगते, मी उपास केलेत, मौन पाळलंय, अनवाणी चाललेय, पण हे काही न करणं... ह्यांनी तर तांब्याच लपवला. मी खिडकीतून स्तोत्र म्हणायची, रिकाम्या हातानं. मायेनं हो.

पुढच्या वसंतात आमच्याकडे पानंच. आणि भिंतीपलीकडून शेजारीण, जिच्या घरी प्लॅस्टिकचं झाडसुद्धा टिकत नाही, ती विचारते, "काकू, आमच्या विटांत हे जांभळं काय आलंय?" तोच तुकडा. ना खत, ना पाणी, ना स्तोत्र.

"कंद आपला, फूल आपलं, साखर काढ," हे म्हणाले.

"पण उमललं तिच्याकडे."

"देव काय भिंत बघतो?"

शेजारणीनं हसत दिलं. देवापुढे ठेवलं, डोळे भरून आले माझे, आणि चहात हात सैल सोडून साखर घातली. एक घोट घेतला, आणि आम्ही दोघं कपात बघत बसलो. काय ते गोड... घशाखाली उतरेना. सवयच मोडलेली.

ह्यांनी हळूच कप खाली ठेवला. "आपल्या अंगणात फुलेपर्यंत नवस चालू ठेवू या का?"

बरं म्हटलं, आणि उरलेला चहा टाकायला अंगणात निघाले, तर मागून आवाज, "आयरिसला नको."

आता हे कसं कळलं त्यांना? मायेनंच घालणार होते हो.