चाकांवरची करंजी

सारजाबाई : पण हिच्यात उभं कसं ऱ्हायचं? माझं डोकं टेकलं की वर.

कारभारी : उभं ऱ्हायचंच नाय. आत फकस्त आडवं व्हायचं. सैपाक मागं, बाहेर उभं राहून. ये इकडं, झाकण उचलतो. बघ! हा शेगडीचा ओटा, हे तुझ्या तिखटमिठाचे खण, इथं पिठाचा डबा. अन ही पाण्याची टाकी, तिला खाली तोटी.

सारजाबाई : आगं माय! घराचं बूड उघडावं अन सैपाकघर निघावं, आसलं इपरीत कुठं बघितलं तुम्ही?

कारभारी : मोबाइलवर. तिकडं परदेशात लोक आसली घरं गाडीमागं बांधून हिंडतेत. आता बाजूनं बघ. पुढं फुगीर, मागं उतरती. हाय का नाय झकास?

सारजाबाई : करंजी हाय. आख्खी आळी करंजीच म्हणतीय तिला. साळूबाई तर विचारत व्हती, भाऊंनी औंदा दिवाळी लवकर धरली का म्हून.

कारभारी : हसू दे साळूबाईला. चौकोनी केली आसती तर समदं वारं छातीवर घेतलं आसतं हिनं. आपल्या मारुतीचं इंजिन केवढं? माझ्यावानी, रिटायर झालेलं. म्हून समदं हलकं घेतलं. खाली बारका चौकोनी पाईप, दोन्ही अंगाला पातळ प्लाय, मधी थर्माकोल, वरून ॲल्युमिनियम. चाकं रिक्षाची. वाळूजला जल्मभर लोकांच्या गाड्यांचे पत्रे ठोकले सारजे, ही पयली आपली.

सारजाबाई : ठोकली चांगली, नाय कोण म्हणतंय. पण कामून ठोकली? दिवाणखान्यात निजायला जागा नाय का तुम्हाला? विचारलं की आपलं 'बघशील', 'बघशील'.

कारभारी : आता बघितलंस. थांब, पाईप लावतो टाकीला. भरू दे, तवर सांगतो.

सारजाबाई : सांगा.

कारभारी : फर्दापूरला न्यायची.

सारजाबाई : आवं, मी आशाच्या घरी ऱ्हाणार नाय. दहादा झालं बोलून.

कारभारी : तिच्या घरी कोण ऱ्हा म्हणतंय? तू तुझ्या घरी ऱ्हा. तुझं घर तिच्या अंगणात उभं करू. तुझी शेगडी, तुझं पीठ, तुझं पाणी, तुझं अंथरूण. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचा घास घ्यायचा नाय, पाणी प्यायचं नाय. हेच ना तुझं? नको मोडू. पण तिच्या उशाशी जा, बाई. पाचवा लागलाय तिला. डॉक्टरीणबाईनं पिशवीच्या तोंडाला टाका घालून पलंगावर निजवलंय. इथं आणावं तर प्रवास करू नको म्हणतेत. सासू नाय. जावईबापू सकाळधरनं हॉटेलावर, टुरिस्टाच्या मागं. पोरगी एकटी पडून ऱ्हाती दिवसभर.

सारजाबाई : म्हंजी इतके दिस तुम्ही घाम गाळला, तो माझ्या येडेपणापायी?

कारभारी : येडेपणा मी म्हटलं नाय.

सारजाबाई : मनात म्हटलं आसंल.

कारभारी : मनातबी नाय. पयल्या येळेला तू तिच्या घरी घोटभर चहा पेलीस, अन पंधरवड्यात पोरीचं ते झालं. दिवस गेलेत म्हणल्यावर आता काय हरकत, म्हून पेलीस, कौतुकानं. मग भावकीतल्या बाया दारात बसून काय काय बोलल्या, मी ऐकलंय. मलाबी भेव बसलं आसतं.

सारजाबाई : दुसऱ्या येळेला थेंबबी नाय घेतला मी. भाकर बांधून नेली, बाटली नेली, उंबऱ्यावर बसून यष्टीनं माघारी आले.

कारभारी : व्हय. अन तरी गेलं.

सारजाबाई : तरी गेलं. तवा वाटलं, अजून त्या चहाचंच भोगू ऱ्हायलो आपण. माझ्यापायी लेक भोगू ऱ्हायली... आवं, ते तिकडं बघा! तिनं तोंड वर केलं!

कारभारी : कोणी?

सारजाबाई : करंजीनं! पुढला हुक तुम्ही स्टुलावर टेकवला व्हता ना? बघा की कसा उचलला!

कारभारी : नळ बंद कर, नळ! आरं देवा... रिकामी व्हती तर कशी गपगुमान बसली व्हती.

सारजाबाई : उलाळ झाली.

कारभारी : काय झाली?

सारजाबाई : माहेरी कडब्याची गाडी भरायचो आम्ही. मागल्या अंगाला वझं झालं की जू बैलाच्या मानेवरून उठतं. त्याला उलाळ म्हणतेत. सैपाकघर मागं, पीठ मागं, शेगडी मागं, अन वरून टाकीबी मागंच घातली तुम्ही.

कारभारी : सैपाकाला पाणी हाताशी पायजे म्हून घातली. तुझ्या सोयीचं बघत बसलो, तोलाचं ध्यानातच नाय आलं. आता आशी घेऊन अजिंठ्याचा घाट उतरलो तर ही मागं हेलकावे खाणार अन आपल्याला दरीत नेणार.

सारजाबाई : मग टाकी पुढं घ्या.

कारभारी : पुढं पलंग हाय. प्लाय कापायची, खालचा पाईप नव्यानं जोडायचा. आठ-दहा दिस कुठं गेले नाय.

सारजाबाई : तर रिकामी न्या. तिथं गेल्यावर भरा.

कारभारी : कुणाच्या नळाला?

सारजाबाई : शेजारीपाजारी नसंल का कोणाचा बोअर? नायतर जार विकत घ्या.

कारभारी : जावयाच्या अंगणात ऱ्हायचं अन पाणी विकत आणायचं? बापूला गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का?

सारजाबाई : तेबी खरंच... फोन वाजू ऱ्हायला तुमचा. आशाच हाय. द्या इकडं, मोठ्यानं लावा.

(फोन करंजीच्या ओट्यावर, तिखटमिठाच्या खणांपुढं ठेवलेला. दोघं त्यावर वाकलेले.)

आशा : आई? बाबांनी फोटो पाठवला. मला हसू आवरेना. पण हसायचंही जपून आहे ना, मग तोंडावर उशी धरून हसले.

सारजाबाई : उठलीबिठली नाय ना तू?

आशा : कुठं उठते? छताकडं बघत पडलेय. वर एक पाल आहे. आता तिच्याशीच बोलते मी.

सारजाबाई : जेवलीस का?

आशा : यांनी जाताना खिचडी करून ठेवली. मीठ विसरले. खाल्ली थोडी. आई, एक सांगायचं होतं. सांगू का नको असं सकाळपासून चाललंय. मागच्या दोन्ही वेळेला सांगितलं न सांगितलं तोच...

सारजाबाई : काय झालं? दुखतंय का?

आशा : नाही गं. काल हललं.

सारजाबाई : काय हललं?

आशा : बाळ. पहिल्यांदाच. ऊन होतं, घसा कोरडा पडला म्हणून माठातलं तांब्याभर पाणी प्याले, अन जरा वेळानं आतून असं... मासोळी फिरल्यासारखं. मला वाटलं भास झाला. आज पुन्हा प्याले तर पुन्हा हललं. हे येतील रात्री. तोवर कोणाला सांगायचं? पालीला सांगितलं, मग तुला फोन केला. आई? आहेस ना?

सारजाबाई : हाय. हाय की.

आशा : रडतेस का?

सारजाबाई : मी कशाला रडू? इथं प्लायचा भुसा उडू ऱ्हायलाय. तू पड. कुशीवर पड, डाव्या. अन ती खिचडी ठेव तशीच, आळणी खाऊ नको.

आशा : मग काय खाऊ?

सारजाबाई : उद्या सांगते. ठेव आता.

कारभारी : घे, तोंड पूस. हा फडका घे, तेलाचा नाय. असं कर, मी आत्ताच कापायला घेतो. वाळूजला संगट व्हता त्या बन्सीला बोलावतो जोडीला, चार दिसांत टाकी पुढं नेतो. मग तर झालं?

सारजाबाई : नका कापू.

कारभारी : अगं, आशी नेता येत नाय ही.

सारजाबाई : टाकी खोला म्हणते. तोटीसकट. पाणी त्या झाडाला जाऊ द्या. आता तोल बसंल ना हिचा?

कारभारी : बसंल की. पण मग ही न्यायचीच कशाला? सकाळच्या यष्टीनं सोडतो तुला.

सारजाबाई : वा! इतके दिस मरमर केली, अन यष्टीनं? आख्ख्या फर्दापूरला दिसू द्या, आशाच्या बापानं काय केलंय ते. वाटंत पोलिसानं आडवलं तर काय सांगाल?

कारभारी : सांगीन, बायको रुसली व्हती, म्हून तिच्या घरासकट घेऊन चाललो.

सारजाबाई : सांगा. पण हिच्यात निजायचं तुम्ही. तिचं घर लहान, अन तुमच्या घोरण्यानं पोरीचा डोळा लागायचा नाय.

कारभारी : म्हंजी घर बांधलं तुझ्यापायी, अन त्यात मी?

सारजाबाई : व्हय. मी आत. तिच्या पलंगाला लागून अंथरूण टाकीन.

कारभारी : सारजे... अन राती तहान लागली तर?

सारजाबाई : माठ हाय की तिचा. आधी तिला पाजीन, मग मी पिईन. अन हात ठेवीन तिच्या पोटावर. बघते तरी, कसं हलतं ते.