उकडलेली माती

(मार्चअखेरची सकाळ. बल्गेरियात, मारित्सा नदीकाठच्या एका गावात, दोन परसांमधलं तारेचं कुंपण. तारेला मध्येच एक भगदाड.)

दोन्का : मग, आज किती गेली, मास्तर?

स्तामेन : कोण गेलं?

दोन्का : रोपं हो. माणूस गेलं की चर्चची घंटा वाजते. मिरचीच्या रोपांसाठी कुणी वाजवत नाही, म्हणून विचारावं लागतं.

स्तामेन : एकोणचाळीस. काल संध्याकाळी ताठ उभी होती, आज सकाळी बुडाशी काळी पडून आडवी. झालं समाधान?

दोन्का : माझं कसलं समाधान? माझी तर सगळी उभी आहेत. बिचारी अडाणी, पाल्याचोळ्यात वाढलेली. मरायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

स्तामेन : तुझ्या परसाला बाग म्हणणं हा भाषेचा अपमान आहे. गेल्या वर्षीची धसकटं तशीच, वर कुजका पाला, त्यावर कोंबड्या. उद्या हे कुंपण नवं करतोय. पन्नास मीटर तार आणून ठेवलीय. ते भगदाड बुजलं की तुझ्याकडचे रोग तुझ्याकडेच राहतील.

दोन्का : तार बघून रोग मागे फिरतात होय? नवीन ऐकलं. आणि तुमची बाग म्हणजे नुसता दवाखाना. मोरचूद मारून मारून गोगलगायसुद्धा निळी झाली. पेशंट तेवढे जगत नाहीत.

स्तामेन : माझी लेक आलीय काल प्लोवदिवहून. मातीचं शास्त्र शिकलेली आहे, कुंपणावर लटकून नाही शिकली. ती सांगेल तुला. नेवेना! ये गं इकडे, हिला जरा समजावून सांग.

नेवेना : आले, बाबा. दोन्कामावशी, बरी आहेस ना? बाबा, मी वाफा मोजला. तीनशेतली एकशे चार उरलीत. पुडीत बी असेल ना अजून?

स्तामेन : नाही.

नेवेना : थोडंसुद्धा?

स्तामेन : सगळं पेरलं. तुझी आई गेली तेव्हा गेल्या वर्षीचा ऑगस्ट होता. मिरच्या झाडावर लाल होत होत्या. बी धरायचं काम तिचं. मला सुचलंच नाही. मग हिवाळा आला आणि झाडांवरच सगळं सडलं. पुडीत होतं ते शेवटचं.

दोन्का : तुमच्या गिंकाच्या आजीपासूनचं बी ते. सगळंच पेरलंत?

नेवेना : म्हणजे ही एकशे चार गेली की आईची मिरची संपली.

स्तामेन : कळतं मला. चाळीस वर्षं गणितच शिकवलंय.

नेवेना : यंदा काय वेगळं केलंत?

स्तामेन : काही नाही! अकरा वर्षं तीच पद्धत. फेब्रुवारीत माती चाळायची, राकियाच्या भट्टीत भरायची आणि दोन तास वाफ द्यायची.

नेवेना : राकियाच्या? गावाच्या भट्टीत?

दोन्का : तुला ठाऊक नव्हतं? लोक तिथं प्लमची दारू गाळतात, मास्तर चिखल उकडतात. भट्टीवाला म्हणत होता, हल्ली पहिल्या धारेला जमिनीचा वास येतो. कौतुकानं नव्हता म्हणत.

स्तामेन : भांडं मी राखेनं घासून देतो! तीन वेळा!

नेवेना : आणि उकडून काय साधतं?

स्तामेन : शुद्धता. एकही जंतू शिल्लक राहत नाही.

नेवेना : तेच तर झालं. चोर मेले, राखणदारही मेले. बाबा, मुळांना चिकटून चांगले जिवाणू राहतात. झाड स्वतःची साखर मुळांतून पाझरून त्यांना खायला घालतं.

स्तामेन : फुकट्यांना?

नेवेना : फुकटे नाहीत हो. ते मुळांभोवती जागा धरून बसतात. मातीतलं लोह आधी आपण ओढून घेतात, त्यामुळे रोगाची बुरशी उपाशी राहते. काही जण तर बुरशीला मारणारं औषधही तयार करतात. आणि ते मुळाशी असले की पार वरच्या पानापर्यंत निरोप जातो, सावध राहा म्हणून. मग रोग आला तरी झाड झोपेत सापडत नाही.

दोन्का : शेजाऱ्यासारखंच की. नको तिथं नाक खुपसतो, पण चोर आला की ओरडतोही तोच.

स्तामेन : नाक खुपसण्याचा भाग पटला.

नेवेना : तुम्ही माती उकडून सगळी वस्तीच उठवलीत. मग झारीच्या पाण्यातून म्हणा, चपलेच्या तळाला लागून म्हणा, बुरशी आली. तिला अडवायला कुणीच नाही. आयत्या बिळावर नागोबा.

दोन्का : अती तिथं माती म्हणतात. मास्तरांनी मातीचंच अती केलं.

स्तामेन : दोघींचं झालं असेल तर एक शंका विचारतो. अकरा वर्षं हा नागोबा कुठे गेला होता? अकरा वर्षांत मूठभर रोपंही मेली नाहीत.

नेवेना : तेच मला कळत नाही. दरवर्षी मरायला हवी होती.

स्तामेन : बघ! शास्त्रालाच कळत नाही. आणि दोन्का, तू का गप्प? ताप आलाय का?

दोन्का : मी कुठे गप्प आहे?

स्तामेन : अकरा वर्षांचा विषय निघाला आणि तुझा एक टोमणा नाही. गावात असं कधी झालेलं नाही.

दोन्का : मी शब्द दिलाय.

नेवेना : कुणाला, मावशी?

दोन्का : तुझ्या आईला. दर मार्चला हे उकडलेली माती वाफ्यात भरायचे आणि छाती फुगवून चौकात कॉफी प्यायला जायचे. यांची पाठ वळली की गिंका त्या भगदाडातून यायची. माझ्या त्या कोपऱ्यातली बादलीभर माती न्यायची आणि हातानं वाफ्यात कालवायची.

स्तामेन : कोणत्या कोपऱ्यातली?

दोन्का : जिथं माझ्या मिरच्या ओळीनं चार वर्षं मेल्या आणि तुम्ही अख्ख्या चौकाला सांगून हसलात, त्या. मीही हट्टी. तिथंच लावत राहिले. पाचव्या वर्षी कमी मेल्या. सातव्या वर्षी मरायच्या थांबल्या. का, ते मला कळलं नाही. गिंका म्हणाली, त्या मातीत काहीतरी आहे.

नेवेना : आहेच, मावशी! रोग एकाच जागी मुक्काम ठोकून बसला की कधीकधी त्याचे वैरीही तिथंच वाढतात. तशी बादलीभर माती दुसरीकडे कालवली तरी पुरते. आईला हे कुणी सांगितलं?

दोन्का : कोण सांगणार? तिला डोळे होते.

स्तामेन : अकरा वर्षं?

दोन्का : अकरा.

स्तामेन : अकरा वर्षं माझ्या शुद्ध मातीत तुझा उकिरडा?

दोन्का : कोंबड्यांच्या विष्ठेसकट.

स्तामेन : आणि मला कुणी सांगायचं नाही?

दोन्का : मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक. तर म्हणाली, 'उकडू दे गं त्यांना. हिवाळ्यात दुसरं काय काम आहे? दोन दिवस घरात शांतता असते.'

नेवेना : आई गं!

स्तामेन : हसू नकोस. उरलेली वाचतील का, ते सांग.

नेवेना : सगळी नाही वाचणार. पण आजच्या आज मेलेली काढली, त्यांच्याभोवतीची माती फेकली, उभी आहेत ती मावशीच्या मातीत लावली आणि तुमची झारी मी लपवून ठेवली, तर बरीच वाचतील. बियांपुरती नक्की.

स्तामेन : म्हणजे मी हिच्याकडे माती मागायची.

नेवेना : हो.

स्तामेन : दिवसाढवळ्या.

दोन्का : रात्री आलात तर कुत्रा चावेल.

स्तामेन : दोन्का, तुझी ती... माती...

दोन्का : जमतंय, जमतंय. 'घाण' न म्हणता इथवर आलात.

स्तामेन : देशील का?

दोन्का : आठवडा झाला भरून ठेवलीय. रोज सकाळी 'किती गेली' विचारत होते, ते काय हौस म्हणून? शब्द मोडायचा की रोपं मरू द्यायची, मला ठरवता येईना. चुकलंच माझं. आधीच बोलायला हवं होतं. ही घ्या, धरा.

स्तामेन : ही बादली... ही तर आमची. कडीला तिनं गुंडाळलेला निळा दोरा. मी अख्खा हिवाळा शोधली ही. तुझ्यावर संशय होता माझा मनात.

दोन्का : मनात कसला? चौकात बोललात. गेल्या मार्चला ठेवून गेली ती. म्हणाली, 'पुढच्या वर्षी न्यायचीच आहे, उगाच कशाला ने-आण?'

नेवेना : बाबा, मी धरू का?

स्तामेन : नको. जड नाहीये.

दोन्का : जपून, मास्तर. भगदाडातून वाकून जा, तार लागेल. उद्या बुजवणार ना म्हणे?

स्तामेन : मोजली मी मघाशी. तार आखूड पडतेय.