तीनशे आठ घनफूट

— नाही मॅडम, तीननं भागायचं राहिलं तुमचं. म्हणून आकडा एवढा फुगलाय. होतं असं, पहिल्या दिवशी माझंही झालं होतं — घेर घेतला, त्रिज्या काढली, उंचीनं गुणलं, आणि कागदावर ढिगाच्या तिप्पट वाळू. शंकू म्हणजे त्याच तळाच्या, त्याच उंचीच्या डब्याचा एक तृतीयांश. तो पलीकडे चौकोनी ओट्यावरचा ढीग दिसतोय ना, पिरॅमिडसारखा — त्यालाही तेच, तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. तीनच का? बरोबर विचारलंत. मी शाळेत नुसतं पाठ केलं होतं, समजावलं ते दाजींनी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इथंच ढिगावर कामाला होते. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी कागदाचा कोन वळला, तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा पत्र्याचा डबा घेतला आणि वाळू ओतली — एक, दोन, तीन, डबा काठोकाठ. म्हणाले, "आता विसरलास तर तुझ्या टाळक्यात ओतीन." माणूस असा. मला या मोजणीवर चिकटवलं तेही त्यांनीच.

होते म्हणालो का मी? हो, होते. अकरा वर्षं झाली. मघाशी मोजणीची जुनी वही चाळताना तुम्ही थबकलात ना एका पानावर, अक्षर किती छान म्हणून — त्याच दिवसाचं पान ते. असू दे. तुम्हाला कामाचं सांगतो. ढीग वरून भरतो, सरकत्या पट्ट्यावरनं, आणि खालून रिकामा होतो — तळाशी झडप आहे, ती उघडली की वाळू बोगद्यातल्या पट्ट्यावर पडते. वाळूत ओल असली की वर पापुद्रा धरतो आणि आत पोकळी. वरून बघणाऱ्याला ढीग धडधाकट दिसतो. म्हणून झडप बंद आहे याची खात्री केल्याशिवाय ढिगावर पाय ठेवायचा नाही. कुणी कितीही घाई केली तरी. त्या दिवशी शेंड्याच्या जरा खाली टेंगूळ आलं होतं. आता सूत्र चालतं ते सरळ शंकूला, टेंगूळ वेगळं मोजत बसावं लागतं, अर्धा तास जातो, आणि जेवायची वेळ झालेली. दाजी फावडं घेऊन तिथंच उभे. तर कुणीतरी त्यांना म्हणालं, तेवढं ओढून सारखं करा. कोण म्हणालं ते चौकशीत निघालं नाही. ते आपणहून चढले असं साहेबांनी लिहिलं. आणि झडपेचं विचारायला मी — म्हणजे विचारायला हवं होतं कुणीतरी. दोन पावलांवर तर होती झडपवाल्याची खोली. मी चहाला गेलो.

वीस मिनिटांनी येऊन बघतो तर टेंगूळ नाही, त्या जागी खळगा. चौदा फूट रुंद. दाजी दिसले नाहीत, म्हटलं गेले असतील जेवायला. खळगा म्हणजे उलटा शंकू, तो वजा करायचा, सोपं काम. वरच्या लोखंडी पुलावर गेलो, ओळंबा सोडला, खोली आली सहा फूट. सातचा वर्ग, बावीस सप्तमांश, गुणिले सहा, भागिले तीन — तीनशे आठ. मोठा शंकू तीस हजार आठशे. वजा केले, सही केली, वेळ घातली — बारा चाळीस. अडीच वाजता कुणीतरी विचारलं, दाजींचा डबा तसाच कसा? मग सगळ्यांनी फावडी घेतली. खळग्याच्या बरोबर मध्यावर सापडले. एक हात वर केलेला. वरून वीतभर खाली होता हात, जास्त नाही.

माणूस किती जागा घेतो, मॅडम? मी काढलंय. अडीच घनफूट. तीस हजारांत अडीच कुठे दिसणार, आपली चूकभूलच त्याहून मोठी असते. अक्कानं एकदाच विचारलं, महिन्याभरानं, भाकरी थापता थापता. "तू मोजत होतास तेव्हा ते आत होते का रे?" मी म्हटलं, नाही अक्का, मोजणी आधीच झाली होती. तिनं मान हलवली, माझ्या ताटात वाढलं. अजून वाढते. मी तिच्याकडेच जेवतो. वही तिनं कधी बघितली नाही, आणि बघितली तरी तिला वाचता येत नाही.

ओळंबा? तुम्ही ओळंब्याचं का विचारताय? खोली कशी कळते, असं. हां. जड असतो, वाळूवर टेकला की जरा आत रुततो आणि दोरी सैल पडते, तिथं चिमटीत धरायची आणि गाठ मारायची. त्या दिवशी मी गाठच मारत होतो. सैल पडलेली दोरी ताणली गेली. एकदाच, थोडीशी, पाण्यात गळाला होतं तसं. मी वर ओढली तर जरा अडली, मग सुटून आली. वाऱ्यानं हलली असेल, म्हटलं. आणि वहीत सहा फूट लिहिलं. छान अक्षरात. या शेडला चारी बाजूंनी पत्रे आहेत, मॅडम, इथं वारा —

नाही. काही नाही. तुम्ही ती वही ठेवा खाली. ठेवा म्हटलं ना. आज एवढं पुरे. निघा तुम्ही.