पोटातले ठिपके

मंगळवार, सहा मार्च. पहाटेपर्यंत पाऊस, मग वायव्येचा वारा, शिडी दोनदा हलली — बघा, वहीत आहे सगळं, सी लमीन, आज तुम्ही आलात म्हणून मी काही रचून सांगत नाही. त्या दिवशी तुमच्या बहिणीच्या भट्टीवर पाटी चढवली. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे — माझ्या बऱ्याच कामांसारखा. कॉफी? नको? बरं. आता सख्ख्या भावाने चव्वेचाळीस दिवसांनी, बगलेत पुडकं घेऊन, न हसता माझ्या दुकानाची पायरी चढावी, ती कशासाठी हे मला कळत नाही का? कळतं. मारायचंच असेल तर डाव्या बाजूला मारा, उजव्या हाताने मी अक्षरं काढतो.

पण आधी ऐकून तर घ्या. पाटीवरच्या अक्षरांचं हे वळण मी सहा वर्षं घडवलं. कुणी शिकवलं नाही, म्हणून तर सहा लागली. नाव ठेवलं ‘अजीन’ — मळलेली कणीक. जाड, फुगलेलं, कडा गोल, एकेक अक्षर शेजारच्याला टेकून बसलेलं, परातीत गोळे बसतात तसं. कुठं कुठं वापरलं म्हणता? नाही म्हणालात? तरी सांगतो. लग्नपत्रिकेवर वापरलं — नवरानवरीची नावं अशी दिसली, की लोकांना वाटलं कुस्ती आहे. दातांच्या डॉक्टरने पाटी करून घेतली — पेशंट म्हणे, दारातच दाढ सुजल्यासारखं होतं. ईदच्या मेंढ्यांच्या फलकावर मात्र शोभलं. मेंढेही तसेच होते. एकूण काय, हे अक्षर लांबून ओरडायला चांगलं, जवळ येऊन कुजबुजायचं म्हटलं की संपलं. माझंही तेच — लांबून तर मीही फार बोलतो, पण जवळ गेलो की… जाऊ द्या, तो विषय वेगळा.

तर ‘मखबझा’. पावाची भट्टी, साधा अरबी शब्द, आपल्या बिझर्ट शहरात पन्नास पाट्यांवर असेल. पण माझी अक्षरं इतकी फुगली, की ‘ख’ आणि ‘झ’ यांच्या डोक्यावरचा एकेक ठिपका ठेवायला जागाच उरेना, वर लगेच सज्जा. शहाणा माणूस अक्षर बारीक करतो. मी काय केलं? ठिपके पोटात घेतले! लाकडातच दोन गोल भोकं पाडली, भट्टीच्या तोंडासारखी. वहीत लिहिलंय, ‘आज एक मोठी कल्पना सुचली.’ ते पान मी पुन्हा उघडत नाही. जवळून भोकं दिसतात हो — दिसतात की नाही? पण रस्त्यापलीकडून, काळ्या अक्षरात काळं भोक — गेलं! आणि ते दोन ठिपके गेले की ‘मखबझा’चं राहतं काय? ‘महबरा’. दौत. शाईची दौत! ठिपका गेला की ‘ख’चा ‘ह’ होतो, ‘झ’चा ‘र’ — पहिलीतल्या पोराला जे कळतं ते मला शिडीवर उभं राहून कळलं नाही. पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरचा न्हावी रिकामी बाटली घेऊन हजर, तुमच्या बहिणीला म्हणतो — ‘लल्ला मन्नूबिया, निळी द्या भरून, काळी नको, काळी तुमच्या पाटीला लागेल.’ अख्खी रांग हसली. तिने हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी चार पाव जास्त घेतले असते. तेव्हापासून मी जुन्या बंदराच्या पलीकडून पाव आणतो. तो पाव! चप्पल मऊ लागेल.

पोटं एवढी गोल केलीच कशाला, असं विचाराल — विचारू नका, पण सांगतो. रोज सकाळी सहाला रांगेत असायचो. ती मनगट दाबून कणीक वळवायची, गोळा फिरायचा, फुगायचा — ते वळण मी घरी येऊन कागदावर उतरवायचो. ‘ख’चं पोट तिथलं. ‘झ’चा बाकही तिथलाच. एकटा माणूस मी, तीन पाव घ्यायचो — एक मला, दोन कबुतरांना — का, तर मोजून द्यायला तिला तेवढाच वेळ जास्त लागायचा. तिचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली ना? आठच. मी मोजत नाही, वहीत आहे — अरे देवा, हे मी कुणाला सांगतोय! तुम्ही भाऊ आहात तिचे. विसरा. भट्टीत घाला ते सगळं.

हे घ्या. ठिपके. पितळेचे केलेत, खिळ्यांसकट. रोज खिशात घालून निघतो, न्हाव्याच्या दुकानापर्यंत येतो, आणि मला बंदरावर काहीतरी काम आठवतं. तुम्हीच ठोका. नाही? मग पाटी उतरवू? तीही नाही? मग त्या पुडक्यात आहे काय?

कागदी पिशव्या. कोऱ्या. यावर छापायचं? काय छापायचं? — पुन्हा सांगा. ‘महबरा’? लोक टेकडीवरून ‘दौतीतला पाव कुठं मिळतो’ विचारत येतात? ठिपक्यांशिवाय, तिनेच सांगितलं? आणि आणखी काय म्हणाली?

तीन पाव. रोज. अजून बाजूला काढून ठेवते?

उठा, सी लमीन, उठा आता, मला काम आहे. दार ओढून घ्या. थांबा, एवढं तारखेनिशी लिहू द्या — गुरुवार, एकोणीस एप्रिल. ऊन, वारा नाही. ‘महबरा’, पिशव्या दोन हजार, वरचे ठिपके नाहीत. उद्या सकाळी सहा, तीन पाव.