कुसुमच्या नावाची आंघोळ

मूळचं विचारताय तर आमचं मूळ राजापूरकडचं, गावाचं नाव सांगून उपयोग नाही, मीसुद्धा ते गाव बघितलेलं नाही. आमचा आजा बोटीत बसला तो डर्बनला जायला नि उतरला पोर्ट एलिझाबेथला. का उतरला ते कुणाला ठाऊक, कोणी म्हणतं बोट लागली नि डर्बन मागे पडेपर्यंत झोपून राहिला म्हणून, कोणी म्हणतं कुणाशी भांडला म्हणून, आमच्याकडे दोन्ही गोष्टी शक्य. गोरे पहिल्यांदा आले तेव्हा तिथे धड बंदरच नव्हतं म्हणे, गलबत लांब उभं राहायचं, होडीतून माणसं आणायचे नि शेवटचं पाणी खांद्यावर घेऊन पार करायचे, गोऱ्या बायकांनासुद्धा पोत्यासारखं उचलून वाळूत ठेवायचे. आजाच्या वेळेला धक्का झाला होता, पण तो सांगायचा की मला कोणी खांद्यावर घेतलंन नाही, मी आपला भिजत भिजत आफ्रिकेत शिरलो. खोटं असेल, पण सांगायचा छान.

हे रेकॉर्ड होतंय ना तुमच्या फोनवर? बरं. आम्ही तीन भावंडं. हे तीन मी आता आता म्हणायला लागल्ये. लग्न होऊन इंग्लंडात स्लाऊला आल्यापासून इथल्या महाराष्ट्र मंडळात कोणी विचारलं, किती भावंडं तुम्ही, की मी सांगायची, एक भाऊ. मोठ्या बहिणीला, कुसुमला, मोजायची नाही, कारण आमच्या घरी तिच्या नावाने आंघोळ झालेली. ती जिवंत असताना झालेली. नि आता यंदा ती खरोखर वारली, तर माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला की एका माणसाच्या नावाने दोनदा आंघोळ करतात का? कुणाला विचारणार, काय सांगू तुम्हाला, असं विचारायला माणूसच उरलेलं नाही.

आमची वस्ती साउथ एंड, बंदराच्या डोक्यावर, चढणीला. एका घरात चिनी, त्याच्या शेजारी मलाय, पलीकडे तमिळ, मधेच एखादा गोरासुद्धा, नि आम्ही. मशिदीची बांग, चर्चची घंटा नि आमची आरती, वारा जिकडून असेल तसं ऐकू यायचं, आणि वारा कायम. धुणं वाळत घातलं की ते शेजारणीच्या परसात, मग ती घडी घालून आणून द्यायची, चहा पिऊन जायची, तशा आमच्या ओळखी. बाबा घोडागाडीवर फळं घालून गोऱ्यांच्या वस्तीत दारोदार विकायचे, अननस नि संत्री. समुद्र अगदी समोर, पण समुद्र सगळ्यांचा नि वाळू गोऱ्यांची, अशी तिथली रीत. मला पोहता येत नाही. बंदरात जन्मल्ये नि पोहता येत नाही, इथे मी कामाला होत्ये त्या फॅक्टरीत सगळ्या हसायच्या.

आता त्या शहराच्या नावाचं सांगत्ये, ते सांगितल्याशिवाय कुसुमचं कळायचं नाही. पहिला कोणी गोरा साहेब तिथे आला, गव्हर्नरच की, त्याची बायको आपल्या हिंदुस्थानात तापाने वारलेली, तान्हं मूल मागे ठेवून. तर त्याने गावाला तिचं नाव दिलंन, नि डोंगरावर एक दगडी पिरॅमिड बांधलान तिच्या आठवणीचा. आत काही नाही. हाडं हिंदुस्थानात नि दगड तिकडे. तिने ते गाव डोळ्यांनी बघितलंनसुद्धा नाही. आता आमचे लोक कोकणातले, ते कुठेही गेले तरी पहिल्यांदा विचारणार, इथला राखणदार कोण, जागेवाल्याला विचारल्याशिवाय चूल मांडायची नाही. तर आजाच्या वेळच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलंनी की ही मडमच राखणदार. बाई तान्हं टाकून गेलेली, म्हणजे जीव घुटमळणारच, गावाला नाव तिचं, नि गेली ती आपल्या देशात, म्हणजे आपली ओळख लागते. तेव्हापासून सणासुदीला गाऱ्हाणं घालताना आमच्या कुलदैवतामागोमाग, डोंगरावरच्या मडमबाये, लेकरांवर नजर ठेव, असं म्हणायचे नि सगळ्यांनी होय म्हणायचं. वर्षातून एकदा बायका तिची ओटी भरून यायच्या. माझी लेक रेखा म्हणते, मम्मी, दॅट्स सो कलोनियल. असेल बाई. खरे जागेवाले काळे लोक, त्यांचा राखणदार कोण हे आमच्या म्हाताऱ्यांना विचारायचं सुचलं नाही, हे खरंच आहे.

तर कुसुम. माझ्याहून मोठी, लांबलचक केस, नि जीभ अशी की बाबासुद्धा दबून असायचे. तिने दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या इस्माईलशी लग्न केलंन. मलाय मुलगा, बापाची मासेमारीची होडी, स्वभावाने गरीब. सकाळी घरातून गेली ती दुपारी निरोप आला की निकाह झाला. आई पोळ्या लाटत होती, त्या तिने लाटून संपवल्यान. बाबांनी घोड्याला पाणी दाखवलंनी, मग आम्हा सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलंनी, मला, माझ्या भावाला, आईला. नळाखाली बादली लावलीनी नि एकेकाच्या डोक्यावरून पाणी ओतलंनी, कपड्यांसकट. कुसुमच्या नावाने आंघोळ. म्हणजे ती मेली. मी शाळेतली पोर, मला वाटलं काही पूजा आहे. वारा एवढा होता की दात वाजायला लागले. दोन गल्ल्या पलीकडे ती जिवंत, मासे तळत असेल, नि आम्ही इकडे ओलेचिंब. आईने माझं डोकं पुसलंन नि म्हणाली, रडायचं असेल तर आत्ता रड गो, नंतर रडायचं नाही. मला रडू आलं नाही. नंतरही कधी आलं नाही, बाबा गेले, आई गेली, भाऊ गेला, आमचे हे गेले, नाहीच. तिथेच काहीतरी बंद झालं असावं. मी डॉक्टर नाही, पण मला तसं वाटतं.

पुढच्या वेळेला आई मडमची ओटी भरायला निघाली ती मला घेऊन. तिथे बाकांवर आपण बसायचं नाही, फक्त गोऱ्यांसाठी अशा पाट्या लावलेल्या, पण दगडाला हात लावला तर कोण विचारतंय. आईने दगडाशी तांदूळ, नारळ, खण ठेवलेन, हात जोडलेन, नि उठली. जवळच दीपगृह आहे, त्याच्या भिंतीला टेकून कुसुम उभी होती. पदर नव्हता, रुमाल बांधलेला डोक्याला. मी हात वर करणार तर आईने माझा हात धरलान नि म्हणाली, चल. आम्ही उतरलो. वळणावर मी मागे बघितलं, तर कुसुम दगडाशी वाकून ते सगळं झग्याच्या ओच्यात घेत होती. आईने बघितलंन नाही. बघितलंन नाही म्हणजे तिने बघायचंच नव्हतं. मग दर वर्षी तसंच. घरी विचारलं तर मडमची ओटी, काय चूक आहे, मडमचीच ओटी.

बाबांना माहीत होतं का? देव जाणे. खण मात्र बाबाच आणायचे, स्वतः निवडून. नि एका वर्षी त्यांनी खणाबरोबर हिरव्या बांगड्या आणल्यानी, आईच्या हातात दिल्यानी, नि म्हणाले, मडमला दे. मेलेल्या मडमला बांगड्या कशाला, नि त्याही नेमक्या कुसुमच्या मापाच्या? आईने विचारलंन नाही. त्या वर्षी कुसुमला पहिली मुलगी झाली, फातिमा. आता तुम्ही म्हणाल, मग बापाने लेकीला हाक का मारलीन नाही? त्यांचं एकच, एकदा आंघोळ केली की केली. लोक काय म्हणतील हेही होतंच, नाही कशाला म्हणू.

मग सरकारने साउथ एंड पाडायला काढलंन. वस्ती गोऱ्यांची जाहीर झाली, रंगाप्रमाणे माणसं वेगळी काढलीनी, जशी बाबा संत्री निवडायचे. आम्हाला शहराबाहेर टाकलंनी, त्या जागेचं नाव मलबार, आम्ही रत्नागिरीचे नि राहायचं मलबारात. कुसुम मलायाची बायको म्हणून तिला दुसरीकडे. बुलडोझर आले तेव्हा आम्ही बघायला गेलो नाही. आमचं घर कधी पडलं ते आम्हाला दुसऱ्याने सांगितलंन. मशीद तेवढी राहू दिलीनी. नि गंमत बघा, जागा रिकामी करून वर्षानुवर्षं तिथे काही बांधलंनीसुद्धा नाही, नुसतं गवत. आई मात्र बस बदलून बदलून डोंगरावर जात राहिली, नि कुसुम तिच्या बाजूने येत राहिली. बाबा वारले तेव्हा कुसुम फाटकाबाहेर उभी होती, आत कोणी बोलावलंन नाही. मेलेल्या माणसाला कसं बोलावणार?

माझं लग्न फोटोवर ठरलं. आमचे हे ठाण्याचे, इथे स्लाऊला ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी. मी बोटीने आल्ये, साउदॅम्प्टनला उतरल्ये तर इथेही पाऊस नि वारा, म्हटलं चला, सवयीचं आहे. फॅक्टरीत पॅकिंगला लागल्ये ती रिटायर होईपर्यंत. आई गेली तेव्हा रेखा पोटात होती, जाता आलं नाही. तिकडचं राज्य बदलल्यावर एकदा आम्ही दोघं गेलो. कुसुमने बिर्याणी केलीन. दोघी बसलो, गुडघ्यांचं बोललो, भाज्या किती महाग झाल्या ते बोललो. आंघोळीचं कोणी काढलं नाही. तिला माहीत होतं, नक्की माहीत होतं, साउथ एंडात कुणाच्या अंगणात काय झालं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळायचं. निघताना म्हणाली, केस का कापलेस गो? बस. मग दिवाळीला तिचा फोन, ईदला माझा. तरी मंडळात मी सांगायची, एक भाऊ. जिभेला वळणच तसं पडलेलं.

आता त्या शहराचं नावही बदललं. तिथल्या मूळ माणसांच्या भाषेतलं नाव आहे, ते म्हणायला टाळूला जीभ लावून टचकन आवाज काढावा लागतो, मला जमत नाही, फातिमाच्या नातवंडांना जमतं. चांगलं झालं, त्यांचं गाव, त्यांचं नाव. मडमचं काढलंनी तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं का? नाही वाटलं. कुसुमला मात्र वाटलं, फोनवर म्हणाली, तिचं खाल्लंय मी.

यंदा फातिमाचा फोन आला, मावशी, मा गेली. त्यांच्यात लगेच नेतात, तर तिने व्हिडिओ लावून दिलान. मी इथे सोफ्यावर बसून बघितलं. पुरुष तिला खांद्यावर घेऊन चढ चढत होते, वाऱ्याने सगळ्यांचे कपडे फडफडत होते, नि फोनमध्ये त्या वाऱ्याचाच आवाज. मग ते संपलं. मी उठून भांडी घासली. कुकर लावला. काही वाटलं नाही, खरं सांगत्ये, नुसतं हातपाय चालत होते.

रेखा पिनरहून गाडी काढून आली. तिने मला जवळ घेतलंन, तिला रडू येत होतं, तिची ओळख फोनवरचीच, तरी रडत होती. मग डोळे पुसून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, मम्मी, आपल्यामध्ये काय करतं आता? म्हणजे बहीण गेला तर? मी म्हटलं, आंघोळ करतात. मग चल ना, म्हणाली, मी गीझर, आय मीन, बॉयलर ऑन करते. मी म्हटलं, नको, कुसुमची झाल्ये. म्हणाली, कधी? मग मी तिला सांगितलं, अंगण, नळ, बादली, सगळं. तिला हे काहीच माहीत नव्हतं. ती ऐकत राहिली, नि मग अगदी साधं म्हणाली, पण मम्मी, तेव्हा ती मेला नव्हता ना.

काय सांगू तुम्हाला. एवढी वर्षं झाली, आई, बाबा, भाऊ, आमचे हे, एवढी शहाणीसुरती माणसं, पण हे वाक्य मला कोणी म्हटलंन नव्हतं. मीही स्वतःला म्हटलं नव्हतं. मी जिन्याने वर गेल्ये, शॉवर लावला, डोक्यावरून पाणी घेतलं, साडीसकट. गरम करायचं नाही म्हणून केलं नाही. उभी राहिल्ये. वाटलं, आता येईल रडू. नाही आलं. खाली आल्ये तर रेखा टॉवेल घेऊन उभी, म्हणाली, मम्मी, बरं वाटतं का? मी म्हटलं, थंडी वाजत्ये, हीटिंग लाव. खरंच थंडी वाजत होती, आतपर्यंत. ते तेवढं मला कळलं.

मग सुतक पाळलं, देवाला शिवल्ये नाही. मंडळात हळदीकुंकू होतं तिथे गेल्ये नाही. बायकांनी फोन केलेनी, काय झालं, कोण गेलं? मी सांगितलं, बहीण. त्या म्हणाल्या, तुम्हाला बहीण होती? होय म्हटलं, सख्खी.

बास आता, चहा गार झाला तुमचा. रेखाचं बरं होवो, फातिमाचं बरं होवो, तुमचंही होवो, आणखी काय मागायचं या वयात. नि लिहिताना नीट लिहा हो. आम्ही तीन भावंडं, मोठी कुसुम. ती यंदा वारली. त्याच्या आधी नाही.