'संपवा' नावाचं बटन

(शहापूर. ऑनलाइन धडे सांभाळणारं छोटं ऑफिस. उपासना संगणकापुढं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या जयाबाई फोन तिच्यापुढं धरतात.)

जयाबाई : सैपाकाचे अकराचे अकरा धडे बघितल्यात म्या. काही तर दोनदा. आनि ह्यो म्हणतोय, अपूर्ण.

उपासना : जुन्या वेबसाइटवर पूर्ण दिसत होते ना, आक्का?

जयाबाई : व्हय. तुमी नव्यावर नेलासा आनि माझं बघितलेलं गेलं. सांबऱ्याच्या शाळेत मला मुख्य स्वयंपाकीण करणार हाईत. हेडमास्तर म्हनालं, शुक्रवारपर्यंत सर्टिफिकेट आणा, न्हायतर काकती गावच्या बाईला घेतो. त्यांचा तरी काय दोष.

उपासना : धडे नीट आलेत. एका ठिकाणी बनवलेला धडा दुसरीकडंही चालावा म्हणून सगळ्या वेबसाइटवाल्यांनी मिळून नियम ठरवलेत.

जयाबाई : सिलिंडर बदललं तरी शेगडी तीच चालतीया, तसं?

उपासना : अगदी तसं. फक्त जुनी वेबसाइट शेवटचं पान दिसलं की धडा झाला असं धरायची. नवी नियमानं चालते. 'पूर्ण' असा निरोप धड्याकडून यावा लागतो, आणि तो 'संपवा' बटन दाबल्यावरच येतो. दाबलं होतं?

जयाबाई : न्हाय.

उपासना : एकदाही?

जयाबाई : ते बटन आलं की फोन पालथा घालून ठेवत होते.

उपासना : का हो?

जयाबाई : डब्यातलं तांदूळ सरलं तरी आमी 'वाढलं' म्हणतो. आनि शिकलेलं 'संपवा' म्हणून बोट लावू? पुसून गेलं तर?

उपासना : माझी आईपण 'तांदूळ वाढले' म्हणते. बटनावर लिहिताना डोक्यातच आलं नाही.

जयाबाई : तू लिवलंस व्हय ते?

उपासना : मीच. नियमाला आतला निरोप तेवढा लागतो, वर काय लिहायचं ते आपल्या हातात. 'वाढलं' करू?

जयाबाई : नगं. शेरातल्या पोरींना वाटंल, धडा आनखी लांबला. 'शिकले' लिव.

उपासना : लिहिलं. आता एकेका धड्याच्या शेवटच्या पानावर जाऊन दाबा. सावकाश. हा झाला… हाही… आणि हा अकरावा. आलं सर्टिफिकेट, आक्का. हेडमास्तरांना पाठवू?

जयाबाई : पाठव. आता परत बघू देत न्हाईत काय गं?

उपासना : हवं तितक्या वेळा बघा.

जयाबाई : मग तो डाळीचा लाव. त्यात मीठ लई आधी घातलंय. आता सर्टिफिकेट हाय न्हवं, बोलायला हरकत न्हाय.