पाच डेसिबल कुठे गेले?

आणि वर संपादक मलाच विचारतो, "साहेब, एवढा उशीर का?" अरे, उशीर का म्हणजे? प्रोसेसर तपासायचा म्हणजे काय कलिंगड आहे, टिचकी मारली आणि सांगितलं गोड निघेल म्हणून? तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरचा नवीन प्रोसेसर आला ना, की तो आधी आमच्यासारख्यांच्या घरी येतो, आम्ही त्याला दहा-बारा दिवस पिळून काढतो, आणि मग मासिकात छापतो... जुन्यापेक्षा किती पळतो, किती तापतो, त्याला गार करताना पंखा किती बोंबलतो. एकोणीस वर्षं हेच करतोय, आणि या कामात नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रोसेसर बदलला ना, मग टेबल तेच, पंखा तोच, खिडकी तेवढीच उघडी. मी तर शर्टसुद्धा तोच घालतो. बायको म्हणते, "अहो, शर्टाचा काय संबंध?" नसेल संबंध, पण उगाच विषाची परीक्षा कशाला घ्या?

तर या नव्या पिढीचा प्रोसेसर आला, लावला. वेग ठीक, थोडा जास्त. तापतो ठीक, थोडा कमी. आणि आवाज... आवाज मोजायचं यंत्र पंख्यासमोर धरलं तर एकोणतीस डेसिबल. गेल्या वर्षीचा होता चौतीस. पाच डेसिबल कमी म्हणजे गंमत वाटली का तुम्हाला? मी तीनदा मोजलं. एकोणतीस, एकोणतीस, एकोणतीस. संपादकाला फोन केला तर तो तिकडे हवेत. "साहेब, मुखपृष्ठावर घेतो. 'मुका प्रोसेसर'. उद्या दुपारपर्यंत लेख द्या."

आता दुसरा कोणी असता तर देऊन मोकळा झाला असता. पण मी पडलो शंकेखोर. म्हटलं, गेल्या वर्षीचा प्रोसेसर कपाटात आहे, तोही एकदा लावून बघू. लावला. आणि तुम्हाला सांगतो, तोही एकोणतीस. मी आकडा पुन्हा पुन्हा बघितला. कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि इथे तर प्रोसेसर बदलून काहीच बदलत नव्हतं. म्हणजे बदललं होतं ते घर.

मग काय, घर शोधायला लागलो. फ्रिज बंद करून पाहिला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून दुलईत गुंडाळलं, नळ पिळपिळून घट्ट केले. आवाज वाढला असेल तर शोधता येतो हो, पण जो आवाज *नाही*, तो कुठे शोधायचा? शेवटी वर गेलो, वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. म्हटलं, "ताई, तुमचं मशीन बिघडलंय का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माझं मशीन ठणठणीत आहे, भाऊ. पण वहिनी हल्ली गुणगुणत नाहीत का हो? आधी खालून ऐकू यायचं, तेवढीच सोबत व्हायची मला."

गुणगुणणं... आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमची ही शाळेत गणित शिकवते, घरी वह्या तपासते, आणि तपासताना गुणगुणते. शब्द नाहीत, सूर यथातथाच, एकच ओळ, जिथे संपायला हवी तिथे न संपता पुन्हा सुरू. सव्वीस वर्षं. आणि ते बंद झालेलं माझ्या लक्षातच आलं नाही. एक डेसिबल इकडचा तिकडे झाला तर दचकणारा मी!

खाली आलो, नोंदवही काढली. सगळं बंद असतानाचा खोलीचा आवाजही मी लिहून ठेवतो, फक्त तो आकडा बघतो कोण? चौतीस, चौतीस, चौतीस... आणि मग एका तारखेला, माझ्याच अक्षरात, "शेजारच्या खोलीतून आवाज. सूचना दिली." दुसऱ्या दिवसापासून एकोणतीस. आणि आठवलं हो मला. त्या खोलीच्या दारात उभा राहून मी म्हणालो होतो, "पाच मिनिटं गप्प बसता येत नाही का?" तारीख पाहिली. सात महिने झाले होते.

ती वह्याच तपासत होती. मी स्टुलावर बसलो. म्हटलं, "अगं, तू गुणगुणत का नाहीस?"

ती मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं, तुमची चाचणी चालूच आहे."

रागानं म्हणाली असती तरी चाललं असतं हो. साधं म्हणाली, वीज गेली आहे असं सांगावं तसं. म्हटलं, "चुकलं माझं. संपली चाचणी. गुणगुण ना." तर म्हणते, "असं सांगून येतं का ते? आणि आलं तर तीनदा करायला लावाल, सरासरी काढायला." हसली, पण गुणगुणली नाही.

मी लेख दिला नाही. संपादक दिवसाला चार फोन करत होता, आणि मी इकडे दारामागे कान देऊन उभा. तिनं विचारलं, "काय पाहिजे?" म्हटलं, "पाणी." दिवसभरात अकरा ग्लास पाणी प्यायलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणतात, पण सात महिन्यांत तिची सवयच बदलली असेल तर? परत आलीच नाही तर? या भीतीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि पाचव्या दिवशी, भर दुपारी, संपादकाच्या समाधानासाठी शेवटचं मोजमाप घेत होतो, यंत्रावर एकोणतीस, आणि एकदम तीस... बत्तीस... चौतीस. तीच ओळ, तशीच बेसूर. मी यंत्र बंद केलं, पंखा बंद केला, आणि खुर्चीत नुसता बसून राहिलो, डोळे पुसत.

तेवढ्यात फोन. "साहेब, छपाई थांबलीय. आवाजाच्या रकान्यात काय टाकू? एकोणतीस की चौतीस?"

म्हटलं, "लिही बाबा... मोजता आला नाही, बायको घरी होती."